हॉर्व्हातच्या बेकरीपाशी डावीकडे

"तू फक्त गप्प बस," रिची फोनवर म्हणाला. "बाकी काही करायचं नाही. पपा काय बोलतील ते बोलू देत. तू तोंडाला कुलूप घालून बसायचंस."

"ह्यूस्टनला बसून कुलपं वाटायला तुझं काय जातंय," बर्नी म्हणाली आणि तिने फोन बॅगेत टाकला.

पण भाऊ म्हणत होता ते तिला पटलेलं होतं, आणि त्याचाच तिला राग आला होता. ती गाडीतच बसून राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती तशीच निघाली होती. कोटाला चीज आणि मॅकरोनीचा वास येत होता, गुडघे ठणकत होते, आणि समोरच्या बैठ्या इमारतीत तिचा बाप केस विंचरून तिची वाट बघत असणार होता. बर्नी साठीला टेकली होती, बाप शहाऐंशीचा. दोघांतलं आधी कोण दमेल अशी पैज लागली असती, तर शहाण्या माणसाने बर्नीचंच नाव घेतलं असतं.

एमिल द्रोबनाक महिन्याभरापूर्वी स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरला होता. पोस्टमन आला म्हणून वाचला. नाहीतर दुपारी तो बर्नीलाच तिथे सापडला असता, आणि कसा सापडला असता ते तिने मनातल्या मनात बऱ्याचदा बघून झालं होतं. मनगट मोडलं, खुबा वाचला. रुग्णालयातून त्याला इथे आणलं, पुन्हा चालतं करायला. चालायला तर तो लागला. आता पुढे कुठे जायचं हा प्रश्न होता. डॉक्टरांनी बर्नीला सरळ सांगितलं होतं: म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर असेल तर तो म्हणेल तिथे, नसेल तर मुलगी म्हणेल तिथे. आज दुपारी डोकं तपासायचं होतं.

मुलगी काय म्हणणार हे ठरलेलं होतं. शहराबाहेर नन चालवतात त्या वृद्धाश्रमात तिने खोली बघून ठेवली होती. तळमजला, एकही पायरी नाही, खिडकीबाहेर पाखरांना दाणे घालायची सोय. ती खोली बघून परतताना बर्नी गाडीत ढसाढसा रडली होती, आणि ते काही दुःखाने नव्हे. अंधारात उठून नदीपलीकडे जायचं आता संपणार, या नुसत्या विचाराने तिचा बांध फुटला होता.

बापाचं घर माहोनिंग नदीच्या दक्षिणेला, टेकडीवर. नदीकाठाने एकेकाळी मैलोगणती पोलादाचे कारखाने होते, आणि कामगारांनी वरच्या उतारावर घरं बांधली होती, भोंगा ऐकू येईल इतक्या जवळ. पैसेवाले धूर पोचणार नाही इतक्या दूर राहायचे. यंगस्टाऊनचा नकाशा आखला तो धुराने, कुणा इंजिनियरने नव्हे. आता धूर नाही आणि शहरही निम्म्याहून कमी उरलंय. बापाच्या रस्त्यावर तीन घरांत माणसं होती. बाकीची घरं महापालिकेने एकेक करून पाडली, तळघरं बुजवली, वर गवत पेरलं. संध्याकाळी तिथे हरणं येतात. बाहेरगावचे पत्रकार त्या हरणांचे फोटो काढून खूश होऊन जातात. बर्फ काढणारी गाडी त्या रस्त्यावर सगळ्यात शेवटी येते, कधीकधी येतच नाही. बर्नीला मात्र रोज दोनदा यावंच लागायचं, सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळा सुटल्यावर.

"मुक्काम हलवा ना, पपा," असं तिने किती वेळा सांगून बघितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! एमिलच्या लेखी या शहरात दोनच जाती होत्या: राहिलेले आणि पळालेले. सत्त्याहत्तर सालच्या सप्टेंबरातल्या एका सोमवारी पहिला मोठा कारखाना बंद होत असल्याची बातमी आली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अर्धा रस्ता रिकामा झाला. कुणी निरोप घ्यायला आलं की एमिल खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. सख्खा मुलगा निघाला तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहून तो म्हणाला होता, "जहाज बुडायला लागलं की आधी उंदीर पळतात." रिची तेव्हा तेवीस वर्षांचा होता, त्याची बायको गरोदर होती. त्या वाक्याला तीस वर्षं उलटून गेली, तरी बापलेकांचं फोनवरचं बोलणं अजून हवापाण्यापलीकडे जात नाही. कारखाने गेले, भट्ट्या गेल्या, धुराडी सुरुंग लावून पाडली. सुंभ जळला, पीळ तेवढा एमिलच्या अंगात राहिला.

बर्नी आत गेली तेव्हा तो तयारच होता. दाढी केलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, पायात चर्चला जायचे बूट.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"मुलांनी दोनदा वाढून घेतलं."

"काय होतं?"

"मॅकरोनी. मी केलेली."

"मग त्यांचीच डोकी तपासायला हवीत."

बर्नीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून वाईट वाटलं. आज निदान त्याने किरकिर करायला हवी होती, म्हणजे गप्प बसणं सोपं गेलं असतं.

तपासणारी मुलगी आली. मेगन ट्रुइट तिचं नाव. तिशीच्या आतली, नोकरीसाठी ॲरिझोनाहून आलेली, इथला पहिलाच हिवाळा काढत होती. वाईट काही नव्हतं तिच्यात. म्हाताऱ्यांशी लहान मुलांसारखं बोलायचं असं तिला कुणीतरी शिकवलं होतं, एवढंच.

"मिस्टर द्रोबनाक, मी तुम्हाला अगदी सोपे सोपे प्रश्न विचारणार आहे. चुकलं तर चुकलं, घाबरायचं नाही हं."

"मी तीस वर्षं वितळलेल्या पोलादापाशी उभा होतो, बाई," एमिल म्हणाला. "विचारा."

"आज वार कोणता?"

"पगाराचा."

मेगनचं पेन थांबलं. "तुम्हाला अजून पगार मिळतो?"

"मिळत नाही. पण वार पगाराचाच आहे."

बर्नी खुर्चीत चुळबुळली. आज गुरुवार होता. त्या कारखान्यात पगार गुरुवारी व्हायचा, आणि तिची आई तर मरेपर्यंत 'पगाराच्या आदल्या दिवशी' कपडे धुवायची. बर्नीने तोंड उघडलं, मग भावाचं कुलूप आठवून ते मिटून घेतलं.

"बरं. बाहेर हवा कशी आहे?"

एमिलने खिडकीतून बघितलं. आभाळ निळंशार होतं, थंडीने कडक झालेलं. "स्वच्छ," तो म्हणाला. "वाईट दिवस आहेत."

"हवा स्वच्छ आहे, म्हणून दिवस वाईट?"

"मग? आभाळ काळंकुट्ट असायचं तेव्हा चांगले होते."

मेगनने मान डोलावली आणि लिहून घेतलं. "तुमच्या शेजारी कोण राहतं?"

"एका बाजूला पुश्कार, दुसऱ्या बाजूला टॉलिव्हर. पुश्कारांचं गवत उन्हाळ्यात मीच कापतो."

"त्यांना जमत नाही का?"

"नाही ना. ते वारले. फ्लोरिडात."

आता मेगन मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिली. बर्नी भिंतीकडे बघत बसली. पुश्कारांचं घर पाडून जमाना झाला होता, पण त्या मोकळ्या जागेला आजही सगळे 'पुश्कार'च म्हणत. पुश्कारांत हरीण आलंय, टॉलिव्हरांत पाणी साचलंय. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिने गिळलं. अजून एखादं उत्तर असंच गेलं की झालं. ती तळमजल्यावरची खोली, तो दिवसाकाठी परत मिळणारा तास, दाराशी कुणी पडलेलं नसेल ही खात्री. तिला हलकं वाटायला लागलं आणि त्याच वेळी स्वतःची शिसारीही आली. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे ज्याने म्हातारं माणूस सांभाळलंय त्यालाच कळेल.

"आता शेवटचं," मेगन म्हणाली. "इथून तुमच्या घरी कसं जायचं, मला सांगा. मी गाडी चालवतेय असं समजा."

एमिलने पाठ ताठ केली. "पूल ओलांड. टेकडी चढायला लाग. हॉर्व्हातच्या बेकरीपाशी डावीकडे वळ. मग नाचघर येईपर्यंत सरळ. नाचघराला वळसा घालून वर ये. शाळेच्या पुढचं तिसरं घर."

मेगनने फोनवर नकाशा काढून बघितला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. मग फोन खाली ठेवून तिने एमिलच्या हातावर हात ठेवला.

"मिस्टर द्रोबनाक, तिथे बेकरी नाहीये," ती हळूच म्हणाली. "नाचघरही नाहीये. शाळाही नाही. तिथे काहीच नाहीये हो."

"आहे!" बर्नी म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की दाराबाहेरून जाणारी नर्स थबकली.

"बेकरी आहे. म्हणजे जळाली ती, मी सहावीत असताना. पण कोपरा बेकरीचाच आहे. या शहरात कुणालाही थांबवून विचार, तो तुला हॉर्व्हातपाशीच वळायला सांगेल. पाट्या कोण वाचतंय इथे? नाचघर पाडलं तेव्हा एकेक वीट आठवण म्हणून न्यायला अख्खं गाव लोटलं होतं. माझ्याकडे आहे वीट. दाराला अडकण म्हणून लावते. माझं लग्न जमलं त्या नाचघरात, मोडलं ते नंतर, त्यात नाचघराचा काही दोष नाही. आणि आज गुरुवार आहे, गुरुवारी पगार व्हायचा. आणि धूर असला की घरात पैसा असायचा. दोरीवरचे कपडे लाल-काळे झाले की आई म्हणायची, देवा, असेच मळू देत. मग हवा स्वच्छ झाली आणि सगळे उपाशी बसले. काहीच नाहीये म्हणे! तू म्हणतेस त्या 'काहीच नाही'त मी लहानाची मोठी झाले."

तिला धाप लागली. आपण काय बोलून बसलो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. पण त्या मुलीचा तो मऊ आवाज तिला सहन झाला नव्हता. बापाला वेडं ठरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं, तेच तर हवं होतं. पण बापाच्या वेडापायी तिचा रस्ता, तिची शाळा, तिचं तरुणपण, सगळंच त्या पोरीने एका वाक्यात पुसून टाकलं होतं.

मेगन आधी गोरीमोरी झाली. मग तिला एकदम हसू फुटलं. "माझ्या घरमालकाने मला किल्ली घ्यायला 'बँकेसमोर' बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी तासभर बँक शोधत हिंडत होते. शेवटी तो एका रिकाम्या मैदानासमोर उभा सापडला. मला वाटलं, त्याचंच डोकं फिरलंय." तिने आधी लिहिलेल्यावर रेघा ओढल्या. "म्हणजे यांची सगळीच उत्तरं बरोबर आहेत?"

"सगळी," बर्नी म्हणाली. आपल्याच हाताने आपल्या पायावर एवढा मोठा धोंडा तिने आजवर कधी पाडून घेतला नव्हता.

ओठ घट्ट मिटून एमिल आपल्या बुटांकडे बघत होता. त्याला भरून आलं असावं, असं बर्नीला वाटलं.

"मग निर्णय तुमचा, मिस्टर द्रोबनाक," मेगन म्हणाली, आणि आता ती मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती. "इथून तुम्हाला कुठे जायचंय?"

म्हाताऱ्याने आपल्या मुलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या नजरेत काय होतं ते बर्नीला कळलं नाही, विचारायची ताकदही तिच्यात नव्हती.

"घरी," तो म्हणाला. "दुसरं कुठे?"

गाडी पुलावर आली. खाली नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली होती. कारखाने चालू होते तेव्हा त्यांच्या गरम पाण्याने ती भर हिवाळ्यातही गोठायची नाही, नुसती वाफाळत राहायची. बर्नी मनात उद्याचा हिशेब मांडत होती: पायऱ्यांवर मीठ टाकायला हवं, कठडा हलतोय तो कुणाकडून तरी बसवून घ्यायला हवा, पहाटे लवकर निघायला हवं.

"तुला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं?" एमिल म्हणाला.

"काय?"

"मी एवढी खटपट केली. एक शब्द खोटा बोललो नाही. या वयात खोटं कशाला बोलू? सगळं खरं तेच सांगितलं, फक्त त्या पोरीला कळणार नाही असं सांगितलं. छान चाललं होतं. आणि तू बसलीस दुभाषी होऊन!"

पूल संपताच बर्नीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. तिला आधी वाटलं, खरंच याचं डोकं फिरलंय. मग तिने त्याच्याकडे वळून बघितलं. तो पूर्ण शुद्धीवर होता आणि भयंकर चिडलेला होता.

"तुम्हाला ननांकडे जायचं होतं, पपा?"

"जायचं नव्हतं. कुणीतरी न्यायला हवं होतं." तो समोरच्या काचेतून टेकडीकडे बघत होता. "मी आपण होऊन जाणार नाही. सगळ्या गावाला उंदीर म्हणून झालं, पोटच्या पोराला म्हणून झालं. आता मी कुठल्या तोंडाने पेटी भरू? पण डॉक्टरने सांगितलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला, उचलून न्या, म्हणजे तो पळाला असं कुणी म्हणत नाही."

"मला आधी सांगायचं तरी होतंत."

"तुला सांगितलं म्हणजे मीच गेलो, नाही का?"

बर्नीने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. "वर्षानुवर्षं मी घसा कोरडा करतेय. आणि आता म्हणता की जायचं होतं!"

"तू म्हणायचीस, पपा, तुम्हाला झेपत नाही. मला झेपतं. मी काही तुला विचारलं होतं?" मग त्याचा आवाज उतरला. "तू पायऱ्या चढतेस ना, तेव्हा मी खिडकीत असतो. एक पायरी, मग गुडघा धरायचा. दुसरी पायरी, मग गुडघा धरायचा. आणि दार उघडलं की म्हणतेस, काय पपा, छान झोप लागली? मी पडलो होतो त्या दिवशी, तेव्हा वर आभाळ बघत एकच विचार करत होतो. आता दुपारी ही पोरगी येणार, आणि मला उचलायला जाऊन स्वतः पडणार."

बर्नी रडायला लागली. पुसायला काही सापडेना तेव्हा तिने मॅकरोनीच्या वासाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मला होत नाही हो, पपा," ती म्हणाली. "मी दमलेय. मला तुमचा कंटाळा आलाय असं नाही, पण तुमच्याकडे यायचा कंटाळा आलाय. रोज पुलावर आले की वाटतं, गाडी इथेच बंद पडावी. मी खरंच खूप दमलेय."

"हे पाच वर्षांपूर्वी बोलली असतीस तर?"

"तर तुम्ही मला पळालेल्यांत घातलं असतंत."

एमिलने यावर विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"घातलं असतं," तो म्हणाला.

मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. गाडी हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

"वळव गाडी," एमिल म्हणाला. "पण आत जाऊन सांगायचं तू. ते जायला तयार झाले, असं नाही सांगायचं. तू मला घेत नाहीस, असं सांगायचं. मुलीने बापाला घरी न्यायला नकार दिला. रिचीलाही हेच. चर्चमधल्या बायकांनाही हेच."

बर्नीच्या डोळ्यांसमोर चर्चचं तळघर आलं. दर शुक्रवारी तिथे पंधरा-वीस बायका लांब टेबलाभोवती उभ्या राहून विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरतात. तीही जाते. उद्या ती आत शिरली की लाटणी थांबणार, आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू होणार. द्रोबनाकची मुलगी. बापाने सगळं आयुष्य या टेकडीवर काढलं, आणि हिने त्याला शेवटी घरचा उंबरासुद्धा दिसू दिला नाही. या शहरात इमारती टिकत नाहीत, पण एकदा लागलेलं नाव सात पिढ्या निघत नाही. बाप हे सगळं जाणून होता. स्वतःचं नाव राखायला तो तिचं मागत होता, आणि द्यायला दुसरं तिच्याकडे काही उरलंही नव्हतं. तिने आरशात बघितलं, रस्ता मोकळा होता. तिने गाडी वळवली.

मेगन निघायच्या तयारीत होती, गळ्याला मफलर गुंडाळत होती. बाहेरच्या दालनात पाच-सहा म्हातारे टीव्हीसमोर बसले होते. त्यातले दोघं एमिलच्याच कारखान्यातले.

"काही राहिलं का?" मेगनने विचारलं.

"मी यांना घरी नेणार नाही," बर्नी म्हणाली. "मला जमत नाही. ननांकडे खोली आहे. मी यांना तिथे पाठवतेय."

मेगन एमिलकडे बघायला लागली. टीव्हीसमोरच्या माना वळल्या. एमिल वॉकर धरून ताठ उभा राहिला, आणि भट्टीपाशी ओरडावं लागायचं तेव्हाचा आवाज त्याने काढला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? मी घरीच निघालो होतो."

सगळे बर्नीकडे बघत होते.

"हो," बर्नी म्हणाली. "ते घरीच निघाले होते."